गिअरबॉक्सचं ऑइल : जुन्या गाडीला फ्लश मारावा का?

या वेळी टपालात आणि व्हॉट्सॲपवर मिळून गिअरबॉक्सच्या ऑइलवरच इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे, म्हणजे पिवळे पडलेले हेडलाइट, एसीचा कुबट वास वगैरे, पुढच्या अंकावर ढकललेत. पहिला प्रश्न मोठा आहे म्हणून उत्तरही मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

प्रश्न : माझ्याकडे २०११ ची ऑटोमॅटिक सेडान आहे, पाच गिअरवाली. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, रनिंग आत्ता १ लाख ६२ हजार. रोज वडगाव बुद्रुक ते हिंजवडी जाणं-येणं. गाडीला तसा काही त्रास नाही, फक्त सकाळी पहिल्यांदा डी मध्ये टाकली की किंचित झटका देते. आधीच्या मालकाने गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललंय का ते माहीत नाही, सर्व्हिसच्या फाइलमध्ये काही नोंद नाही. गॅरेजवाला म्हणतो मशीन लावून पूर्ण फ्लश मारून घ्या, गाडी नव्यासारखी होईल. आमच्या सोसायटीतले एक काका म्हणतात दीड लाखानंतर त्या ऑइलला हातसुद्धा लावू नका, त्यांच्या साडूने फ्लश मारला आणि पंधरा दिवसांत गिअरबॉक्स बसला. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. ऑइल बदलायला पाहिजे हे गॅरेजवाल्याचं बरोबर, मशीनने एका झटक्यात सगळं ऑइल बदलणं, म्हणजेच फ्लश, नको हे काकांच्या भीतीतलं बरोबर. आता का ते सांगतो.

आधी साडूंची गोष्ट घेऊ, कारण अशी गोष्ट पुण्यात प्रत्येक सोसायटीत एक तरी असतेच आणि ती खोटी नसते. फ्लश मारला, पंधरा दिवसांत गिअरबॉक्स गेला, हे घडतं. पण मला सांगा, साडूंनी फ्लश मारला कधी? गाडी मस्त चालत होती तेव्हा कोण पैसे खर्च करतो हो? गिअर उशिरा पडायला लागला, चढावर गाडी ओढेना, रिव्हर्स टाकला की दोन सेकंद विचार करायला लागली, तेव्हाच लोक गॅरेजमध्ये येतात. तोपर्यंत दुखणं अंगावर काढतात. म्हणजे मशीन लागलं तेव्हा आतल्या क्लच प्लेटा आधीच संपत आलेल्या, नवीन ऑइल घातलं नसतं तरी महिना-दोन महिन्यात त्या जाणारच होत्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, आणि नाव मात्र कावळ्याचं.

पण मी कावळ्याला पूर्ण निर्दोष सोडणार नाही. कधीकधी तो कावळा जरा जाडाच असतो, फांदीवर दाणकन बसतो.

त्यासाठी आत काय चालतं ते थोडं समजून घ्या. मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल म्हणजे नुसतं वंगण, दातांना घासू देत नाही, बास. ऑटोमॅटिकमध्ये त्याच ऑइलला चार-पाच नोकऱ्या असतात. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला ऑइलने भरलेला डबा) पुढे ढकलायची ती या ऑइलनेच, कुठला गिअर लावायचा त्यासाठी व्हॉल्व बॉडीतल्या बारीक बारीक नाळ्यांमधून प्रेशर पाठवायचं तेही या ऑइलनेच, उष्णता उचलून कूलरपर्यंत न्यायची, आणि वर क्लच प्लेटा याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात तर त्यांना घसरू पण द्यायचं नाही आणि एकदम चिकटू पण द्यायचं नाही. हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक. म्हणून या ऑइलमध्ये घर्षण जमवून आणणारी वेगळी रसायनं असतात. (गंमत म्हणून सांगतो, जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबिल गाड्यांमध्ये हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, आणि पुढे कितीतरी वर्षं अशा गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये या कामासाठी चक्क देवमाशाचं तेल घालायचे. सत्तरच्या सुमारास अमेरिकेत देवमाशावर बंदी आली तेव्हा दुसरी रसायनं शोधावी लागली.)

तर ही रसायनं उष्णतेने मरतात. आणि तुमचा रस्ता बघा, वडगाव ते हिंजवडी! हायवेला गाडी ऐंशीच्या वेगाने एकसारखी चालते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात, ऑइल घुसळणं थांबतं, ते थंड राहतं. वाकड पुलाखाली दहा फूट पुढे, ब्रेक, दहा फूट पुढे, ब्रेक, यात तो लॉक होतच नाही, नुसतं ताक घुसळल्यासारखं ऑइल घुसळत राहतं आणि तापतं. त्यामुळे तुमचे १ लाख ६२ हजार हे कोल्हापूरला हायवेने ये-जा करणाऱ्या माणसाच्या १ लाख ६२ हजारांसारखे नाहीत. गाडीच्या पुस्तकात खडतर वापर म्हणून जो वेगळा कमी किलोमीटरचा कॉलम असतो ना, जो आपण सगळे ओलांडून पुढे जातो, तो पुणेकरांसाठीच छापलेला असतो असं समजा.

तापून तापून ऑइल ऑक्सिडाइज होतं, काळपट होतं, आतल्या धातूवर वार्निशसारखा चिकट थर बसतो, आणि क्लच प्लेटांवरच्या कागदासारख्या अस्तराचा भुगा त्यात तरंगत राहतो. आता इथे काकांची थिअरी येते की तो भुगाच जुन्या प्लेटांना पकड देतो, नवीन गुळगुळीत ऑइल आलं की पकड गेली. यात तथ्य आहे पण थोडंच. भुग्यावर चालणारा क्लच हा आधीच शेवटच्या घटका मोजत असतो, ऑइलने त्याचा फक्त मुहूर्त काढला. खरा धोका दुसरा आहे. नवीन ऑइलमध्ये साफ करणारी रसायनं ताजी असतात, ती जुना थर सोडवायला लागतात, आणि हा थर जर एकदम सुटला तर सुटे कण जातात कुठे? व्हॉल्व बॉडीतल्या त्याच बारीक नाळ्यांत, सोलेनॉइडच्या (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व) तोंडावरच्या जाळीत, आतल्या फिल्टरवर. तिथे अडकले की प्रेशर कमी, प्रेशर कमी की क्लच नीट दाबला जात नाही, क्लच घसरला की जळाला.

म्हणून फ्लश म्हणजे नक्की कुठला फ्लश हे आधी विचारा, कारण आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींना फ्लशच म्हणतात. एका प्रकारात मशीन कूलरच्या पाइपला जोडतात आणि गिअरबॉक्सचा स्वतःचा पंप जुनं ऑइल बाहेर ढकलतो, जितकं बाहेर तितकं नवीन आत, वेगळं प्रेशर काही नाही. हे ज्या गाडीचं ऑइल वेळच्या वेळी बदललंय तिला चालतं, माझी तक्रार नाही. दुसऱ्या प्रकारात मशीन स्वतःच्या पंपाने ऑइल ढकलतं, कधी उलट्या दिशेने सुद्धा. तिसरा प्रकार म्हणजे आधी एक क्लीनरची बाटली ओतायची, इंजिन चालू ठेवून सगळे गिअर फिरवायचे आणि मग मशीन. दीड लाख चाललेल्या, इतिहास माहीत नसलेल्या गाडीला हे शेवटचे दोन प्रकार अजिबात करू नका. रोगापेक्षा इलाज जालीम. शिवाय मशीनने कितीही ऑइल फिरवलं तरी चेंबरमधला (गिअरबॉक्सच्या खालचा ऑइल साठवणारा डबा) फिल्टर बदलला जात नाही आणि चेंबरच्या तळाचा गाळ तिथेच राहतो, हे मशीनवाला सहसा सांगत नाही.

मी स्वतः एकदा हात पोळून घेतलाय. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, कोथरूडचे एक गृहस्थ, चार गिअरची ऑटोमॅटिक, चढावर जरा घसरते एवढीच तक्रार. मी ऑइल काढून बघायच्या आधीच बाटली ओतली, मशीन लावलं, लाल झक्क ऑइल दाखवलं, ते खूश, मी खूश. आठव्या दिवशी चांदणी चौकाच्या चढावर गाडी डी मध्ये नुसती ओरडत उभी, मागे बसची रांग, आणि त्यांचा मला फोन. चेंबर खोललं तर फिल्टर काळ्या चिखलाने गच्च. क्लच आधीपासून गेलेलाच होता हे मला तेव्हाही कळत होतं आणि आत्ताही कळतं, पण ते त्यांना मी काम करायच्या आधी सांगायला हवं होतं, नंतर सांगितलेलं कोण ऐकतो. लेबर घेतलं नाही, संबंध गेला तो गेलाच.

तर तुम्ही काय करायचं. आधी ऑइल बघायचं, डोळ्यात तेल घालून. गाडी सपाट जागी लावा, सोसायटीच्या रॅम्पवर नको. इंजिन चांगलं गरम झालेलं पाहिजे, पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. मग डिपस्टिक असेल तर ती काढायची, पण कशी ते गाडीच्या पुस्तकात बघा कारण पद्धत वेगवेगळी आहे, बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून पार्कमध्ये बघतात, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात बघावं लागतं. चुकीच्या पद्धतीने बघितलं तर लेव्हल चुकीची दिसते आणि मग माणूस उगाच ओततो. डिपस्टिकच नसेल, जसं बऱ्याच नव्या गाड्यांत नसतं, तर हे काम लिफ्टवर घेऊन फिटरकडूनच.

ऑइलचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर किंवा तपकिरी आणि बाजूला पसरणारा डाग आला तर ठीक. काळा ठिपका मधेच बसून राहिला आणि वास करपलेल्या भाकरीसारखा आला तर आत क्लच जळालेत. गुलाबी दुधट दिसलं, अगदी स्ट्रॉबेरी मस्तानीसारखं, तर रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरलंय, मग गाडी चालूच करू नका, टो करून न्या, कारण पाण्याने प्लेटांचं अस्तर सुटतं. नुसत्या रंगावर मात्र फार जाऊ नका, काही कंपन्यांचं ऑइल लवकरच गडद होतं, वास जास्त खरं बोलतो.

ऑइल तपकिरी आहे, करपलेला वास नाही, गाडी घसरत नाही, असं असेल (तुमच्या वर्णनावरून तसंच असावं असं वाटतंय) तर ड्रेन बोल्ट खोलून नुसतं वाहून जाईल तेवढं ऑइल जाऊ द्या आणि मोजून तेवढंच नवीन घाला. मोजून म्हणजे खरंच मोजून, निघालेलं ऑइल बादलीत नाही तर मापाच्या डब्यात धरायला सांगा. चेंबर खोलता येत असेल तर पहिल्याच वेळी फिल्टर आणि पॅकिंग बदला. बोल्टला किंवा चेंबरला आतून लोहचुंबक असतं, त्यावर करड्या रंगाचा मलमासारखा बारीक लेप असेल तर घाबरू नका, एवढं वय झाल्यावर तो असतोच. सुईसारखे तुकडे, चकचकीत कपच्या दिसल्या तर मात्र तिथेच थांबा, नवीन महाग ऑइल ओतूच नका, आधी गिअरबॉक्सवाल्याला दाखवा.

आता लोक विचारतात की ड्रेन केलं तर सगळं ऑइल निघतं का. नाही निघत. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपात बरंच राहतं. समजा एकूण सहा लिटर आहे आणि खाली अडीच लिटर आलं, तर पहिल्या वेळी साधारण ४२ टक्के नवीन झालं. हजार-दीड हजार किलोमीटर चालवून पुन्हा केलं की ६६ टक्के, तिसऱ्यांदा केलं की ८० टक्के. आमटी खारट झाली की वाटीभर काढून वाटीभर पाणी घालतो तसंच, एकदम चव येत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. पण याचा फायदा हाच की आतला थर हळूहळू सुटतो, प्रत्येक वेळी थोडा थोडा बाहेर पडतो, एकदम लोंढा येत नाही. हेलपाटे तीन होतात, मान्य आहे. म्हाताऱ्या माणसाला महिनाभर निजवून ठेवलं आणि मग एकदम सिंहगड चढायला लावला तर काय होईल, तेवढाच विचार करा.

आणि ऑइल कुठलं घालायचं, हा मुद्दा फ्लशपेक्षा मोठा आहे, तरी लोक त्यावर बोलत नाहीत. माझ्या अनुभवात ऑइल बदलल्यावर गिअरबॉक्स बिघडला अशा ज्या गाड्या माझ्याकडे आल्या त्यातल्या बऱ्याच गाड्यांत भानगड चुकीच्या ऑइलची किंवा चुकीच्या लेव्हलची होती, फ्लशची नव्हतीच. लाल दिसतं म्हणजे सगळं सारखं असं नसतं. टोयोटाच्या जुन्या गिअरबॉक्सला टी-फोर लागतं आणि नंतरच्याला डब्ल्यूएस, टोयोटाच सांगते की दोन्ही मिसळू नका. होंडाचं आधी झेड-वन होतं, मग डीडब्ल्यू-वन आलं. पुस्तकात किंवा डिपस्टिकवर जे नाव कोरलंय तेच घ्या, नाना पेठेत कुणी सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून काही हातात दिलं तर नम्रपणे परत करा. लेव्हल कमी पडली तर पंप हवा ओढतो, जास्त झाली तर फिरणारे भाग ऑइल फेसाळून टाकतात, दोन्हीत प्रेशर पडतं आणि गाडी घसरते. मग नाव फ्लशचं.

सकाळच्या झटक्याबद्दल राहिलंच. थंड इंजिन सुरू केल्यावर आरपीएम जरा चढलेला असतो, तेवढ्यात डी टाकला की कुठलीही ऑटोमॅटिक थोडा धक्का देते. आरपीएम खाली येईपर्यंत अर्धा मिनिट थांबा. तरीही देत असेल तर इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं ती, बघून घ्या, तेरा-चौदा वर्षांच्या गाडीचं रबर दबलेलं असतंच, आणि कित्येकदा गिअरबॉक्सच्या नावाने बिल फाडून घेतात तो झटका माउंटिंगचा निघतो.

काकांना सांगा की त्यांचं ऐकलं म्हणून.

प्रश्न : सर, माझी गाडी २ लाख १० हजार चालली आहे. खंडाळ्याच्या घाटात चढताना इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी उचलत नाही, तिसऱ्या गिअरला तर स्पष्ट घसरते. सगळे म्हणतात ऑइल फ्लश करून बघा, स्वस्तात काम होईल. करू का?
– एक वाचक, निगडी

उत्तर : नको ताई. हे वरातीमागून घोडं. घासून गेलेल्या क्लचला कुठलंही ऑइल परत अस्तर लावत नाही. ते पैसे बाजूला ठेवा, पुढे लागणार आहेत.

पण एक गोष्ट आधी करा, फुकटातली आहे. लेव्हल तपासा. गिअरबॉक्सच्या सीलमधून किंवा कूलरच्या पाइपमधून ऑइल गळत असेल तर अगदी हीच लक्षणं येतात, आणि चढावर ऑइल मागे सरकतं त्यामुळे घाटातच जास्त जाणवतं. पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा रात्रभर. तेवढंच निघालं तर देवाची कृपा. लेव्हल बरोबर असेल तर स्कॅनर लावून गिअरबॉक्सचे कोड वाचून घ्या आणि जमलं तर प्रेशर गेज लावून तपासा, कारण कधीकधी क्लच ठीक असतो आणि एखादा सोलेनॉइडच मेलेला असतो, तो व्हॉल्व बॉडी खोलून बदलता येतो, पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. हे निदान होईपर्यंत घाटात जाऊ नका, घसरणारा क्लच प्रत्येक चढाला थोडा थोडा जळतो आणि मग सोबतच्या चांगल्या भागांनाही घेऊन जातो.

रिबिल्ड, म्हणजे गिअरबॉक्स खोलून नव्याने बांधायला सांगितलं तर आधी गाडीची आजची किंमत काढा, पासिंगला किती वर्षं राहिली ते बघा, मग ठरवा. गाडीवर माया असते हे मला कळतं, मीही एक उगाच सांभाळून ठेवलीय.

प्रश्न : माझी छोटी हॅचबॅक एएमटी आहे, ९० हजार झाले. एका ठिकाणी ऑटोमॅटिक आहे म्हणून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) फ्लशचं इस्टिमेट दिलं. बरोबर आहे का?
– एक वाचक, वाघोली

उत्तर : तिथून गाडी काढा आणि घरी या. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या डाव्या पायाऐवजी आणि हाताऐवजी एक यंत्र बसवलेलं. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओमधून ही पद्धत लोकांच्या हातात आली. आत टॉर्क कन्व्हर्टरच नाही, मग एटीएफ फ्लश कशाचा मारणार? गिअरबॉक्सला मॅन्युअलसारखं गिअर ऑइल लागतं, आणि हायड्रॉलिक यंत्र असेल तर त्याची वेगळी छोटी टाकी असते, त्यातलं ऑइल वेगळं. दोन्ही पुस्तकाप्रमाणे बदला, विषय संपला.

ज्यांच्याकडे सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) आहे त्यांनी पण हे वाचा. सीव्हीटीत दोन पुल्यांमध्ये स्टीलचा पट्टा असतो आणि त्याची पकड सगळी ऑइलवर अवलंबून, त्यामुळे तिथे साधं एटीएफ चुकून गेलं तर तो पट्टा आणि पुली दोन्ही खराब. सीव्हीटीला क्लीनरची बाटली तर स्वप्नात सुद्धा नको.

प्रश्न : माझ्या जर्मन गाडीत आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. कंपनीचं म्हणणं गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे, बदलायची गरज नाही. १ लाख १५ हजार झालेत. मग कशाला खर्च करा?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर, ते कुठे लिहिलेलं नसतं. पहिल्या मालकाचं आयुष्य असावं बहुतेक. हे आठ गिअरवाले गिअरबॉक्स बऱ्याच जर्मन गाड्यांना झेडएफ कंपनी बनवून देते, आणि झेडएफ स्वतः सांगते की वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी ऑइल बदला. बनवणारा एक सांगतो, गाडी विकणारा दुसरं. मी बनवणाऱ्याचं ऐकीन.

तुमच्याकडे अजून वेळ गेलेली नाही. त्यात चेंबर आणि फिल्टर बऱ्याचदा एकत्रच प्लॅस्टिकचा असतो, तो पूर्ण बदलावा लागतो, आणि लेव्हल ठरावीक तापमानाला, इंजिन चालू ठेवून, बोल्टमधून ऑइल वाहायला लागेपर्यंत भरून लावावी लागते. हे तापमान स्कॅनरवर बघून करणारा माणूसच शोधा, हात लावून गरम वाटतंय म्हणणारा नको.

प्रश्न : मॅन्युअल गाडी, २ लाख ३० हजार, गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. सकाळी दुसरा गिअर जड पडतो. आता बदललं तर बिघडेल का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : बिघडणार नाही, बिनधास्त बदला. मॅन्युअलमध्ये घाबरण्यासारखं काही नाही, क्लच ऑइलमध्ये नसतो, बारीक नाळ्या नसतात, आणि ड्रेन केलं की जवळजवळ सगळं ऑइल खाली येतं, बहुतेक गाड्यांत दोन-अडीच लिटरच असतं. दुसऱ्या गिअरचा जडपणा पूर्ण जाईल असं वचन देत नाही, सिंक्रोची रिंग (गिअर अलगद पडायला मदत करते ती) घासली असेल तर राहील, पण बहुतेक कमी होईल.

दोन गोष्टी फक्त. पुस्तकात ऑइलचा प्रकार जीएल-४ लिहिला असेल तर जीएल-४ च घाला, आकडा मोठा म्हणून जीएल-५ चांगलं असं नाही, जीएल-५ मधली गंधकाची रसायनं काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात. आणि दुसरं म्हणजे खालचा ड्रेन बोल्ट सोडायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट खोलून बघा. एवढ्या वर्षांत तो गंजून बसलेला असतो. खालचं सगळं ऑइल सांडून झाल्यावर वरचा बोल्ट गोल झाला की गाडी आहे तिथेच जॅकवर, आणि तुम्ही रविवारी संध्याकाळी उघडं दुकान शोधत फिरताय, हे दृश्य मी किती वेळा बघितलंय मोजलं नाही.

प्रश्न : घरीच ऑइल बदलतो, जुनं ऑइल कुठे टाकायचं?
– एक वाचक, धायरी

उत्तर : गटारात नाही आणि झाडाच्या बुडाशी वाळवीचं औषध म्हणून तर अजिबात नाही. रिकाम्या ऑइलच्याच कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा, कूलंट किंवा पेट्रोल त्यात मिसळू नका आणि जवळच्या मोठ्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडचं जुनं ऑइल घेऊन जाणारे ठरलेले लोक असतात, पिंपामध्ये तुमचे तीन लिटर सहज जातात, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. पहिल्यांदा जाताना बरोबर थोडं काम घेऊन जा, व्हील बॅलन्सिंग वगैरे, म्हणजे पुढच्या वेळी कॅन बघून तोंड वाकडं करणार नाहीत.